खेरसनच्या शाळेतले दोन महिने

प्रश्न : मुलगा युक्रेनमध्ये एमबीबीएसला होता, तिथेच लग्न केलं. सून खेरसनची. रशियाचा ताबा असताना, सप्टेंबर २०२२ पासून दोन महिने तिने शाळेत शिकवलं. आता ती नाशिकला आमच्याकडे आहे. तिकडे तिची आई आजारी आहे, तिला भेटायला जायचंय, पण शिकवल्याबद्दल खटल्याची भीती वाटते. जबरदस्तीने शिकवायला लावलं असं सांगितलं तर सुटेल ना? की दोन-चार वर्षं थांबावं? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तिकडून परतलेल्या मुलांच्या पालकांची अशी पत्रं येतात, आणि सगळ्यांची भिस्त 'जबरदस्ती' या एका शब्दावर. युक्रेनच्या फौजदारी संहितेत मार्च २०२२ मध्ये शत्रूशी संगनमताचं कलम १११-१ आलं. पद स्वीकारणाऱ्यांच्या पोटकलमांत 'स्वेच्छेने' हा शब्द आहे. शाळेबद्दलच्या तिसऱ्या पोटकलमात तो नाहीच. शत्रुराष्ट्राचा प्रचार केला का, किंवा त्याचा अभ्यासक्रम शाळेत आणण्यासाठी काही केलं का, एवढंच तिथे पाहतात. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे सूनबाई वर्गावर गेल्या हा मुद्दा नाही. पुस्तक कुठलं होतं, हा आहे. जुन्याच पुस्तकातून पाढे घेणं वेगळं, रशियन पुस्तकातून इतिहास शिकवणं वेगळं. मधल्या जागेत कोर्ट काय म्हणेल, मी इथून सांगणार नाही.

जबरदस्तीचा बचाव आहे, पण तो त्याच संहितेच्या कलम ३९-४० मधून. धमकी कोणी, कधी, कशी दिली ते दाखवावं लागेल. आणि तुम्ही लिहिता, मुख्याध्यापिकेचे मेसेज फोन बदलताना उडाले! रशियन झेंड्याखालचा वर्गाचा फोटो मात्र फेसबुकवर शाबूत. आता घाबरून तो काढू नका, पुरावा नष्ट केल्याचं नवं लचांड नको. जुना हँडसेट कपाटात असेल तर जपा. तेच मेसेज एखाद्या सहशिक्षिकेकडेही असतील. खेरसन ११ नोव्हेंबर २०२२ ला मुक्त झालं, तेव्हा शाळेचे हजेरीपट तपासयंत्रणेच्या हाती आहेत असं धरूनच चाला.

थांबून काही निवळणार नाही. या गुन्ह्याला तिथे मुदतीची मर्यादाच नाही. आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात वाटणीच्या दाव्यात सगळ्या प्रतिवादींना समन्स बजावेपर्यंत द्राक्षाचे दोन हंगाम निघून जातात. तिकडे मात्र आरोपी गैरहजर असतानाही खटला चालतो. नोटीस सरकारी वर्तमानपत्रात आणि महाअभियोक्ता कार्यालयाच्या संकेतस्थळावर छापली जाते. सूनबाईंच्या नावाची निघाली असेल तरी तुम्हाला इंदिरानगरात कळणार कसं? तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाहीत.

भारतातून प्रत्यार्पणाबद्दल छातीठोक बोलत नाही. आपल्या १९६२ च्या कायद्यात राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्याला अपवाद आहे, पण मागणी आल्याशिवाय त्याचा कस लागत नाही.

आधी युक्रेनमधला फौजदारी वकील गाठा आणि नोटीस निघाली आहे का ते शोधायला सांगा. सूनबाईंनी ते दोन महिने तारीखवार लिहून काढावेत, फक्त त्या वकिलासाठी. इथे नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र वगैरे करू नका. वकिलाचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.