सुट्टीच्या दिवशी शाळेत का जायचे?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सोलापूरहून पाठवलेले तुझे पत्र पोहोचले. १५ ऑगस्टला सुट्टी आहे असे आजीने आदल्या दिवशी सांगितले आणि तरीही पहाटे उठवून, इस्त्रीचा गणवेश घालायला लावून तुला शाळेत पाठवले, तेव्हा ही सुट्टी कसली, असे तू विचारले आहेस. २६ जानेवारीलाही असेच जावे लागते हे मैत्रिणींकडून कळल्यावर, झेंडावंदनाचे दिवस दोन कशासाठी, असाही तुझा प्रश्न आहे.

इथे इंग्लंडमध्ये तू बँक हॉलिडे, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्ट्यांचे दिवस, पाहिले आहेस. त्यांचा पहिला कायदा १८७१ चा. त्यांपैकी बरेचसे सोमवारी येतात आणि लोक जोडून आलेल्या तीन दिवसांत फिरायला जातात. आपल्याकडच्या सुट्ट्यांची यादीही राज्य सरकार १८८१ च्या, हुंड्या आणि धनादेशांच्या व्यवहारासाठी केलेल्या कायद्याच्या आधारे जाहीर करते. मात्र २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तीन दिवस राष्ट्रीय सुट्ट्यांचे आहेत. त्या दिवशी कचेऱ्या, बँका आणि कारखाने बंद असतात म्हणूनच सर्वांना एका ठिकाणी जमता येते, आणि म्हणूनच वर्ग भरत नसले तरी शाळेचे मैदान भरते. आजीने तुला पाठवले ते योग्यच केले. तिने मलाही असेच पाठवले होते.

आता दोन दिवसांविषयी. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचे राज्य संपले, हे तुला ठाऊक आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. त्यानंतर दरवर्षी हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाई. पुढे राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली, तरी ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी मुद्दाम २६ जानेवारी १९५० ही तारीख निवडली, ती त्या जुन्या प्रतिज्ञेची आठवण राहावी म्हणून. एका दिवशी परक्यांचा अंमल गेला आणि दुसऱ्या दिवशी आपण आपल्याच कायद्याने राज्य करू लागलो; मला स्वतःला हा दुसरा दिवस अधिक मोलाचा वाटतो, कारण तो आपण ठरवून निवडला.

ती प्रतिज्ञा झाली त्याच वर्षी सोलापुरात काय घडले, हे आजोबांकडून सविस्तर ऐक. नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी येताच गिरणी कामगारांसह सारे शहर रस्त्यावर उतरले. गोळीबारात माणसे गेली, जमावाच्या हातून पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जळाली आणि काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही. १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला आणि झेंडा हातात धरणे हाही गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. तुझी रिक्षा ज्या चौकातून वळते तिथले चार पुतळे त्यांचे आहेत. म्हणून सोलापूरच्या मुलाने झेंड्यासमोर उभे राहताना तो इथे कोणी आणि कोणत्या काळात उचलला, हे जाणून उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

१२ जानेवारी दिनदर्शिकेत लाल अक्षरात नसतो. तरीही सोलापूर तो दिवस विसरत नाही. पुतळ्यांना हार पडतात, आणि लगेच सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात. तसाच नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव. पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकरांचा तो मोठा दिवस आहे, मग तो सरकारी यादीत असो वा नसो. सरकारी यादीतही गुढीपाडवा, रमजान ईद, महावीर जयंती, आंबेडकर जयंती आणि नाताळ शेजारी शेजारी असतात. त्यांतल्या प्रत्येक दिवशी कोणत्या घरी काय करतात, ते तुझ्या वर्गातल्या मुलींना विचार, कारण सोलापुरात एका बाकावर तीन मातृभाषा बसतात.

१ मेला तू तिथेच असशील. त्या दिवशी महाराष्ट्र दिन असतो, कारण १९६० साली त्याच तारखेला मराठी भाषकांचे राज्य स्थापन झाले. कामगार दिनही तोच, आणि गिरण्यांच्या या गावात त्याला जुना मान आहे. सकाळी झेंडावंदन होईल आणि मग वार्षिक परीक्षेचा निकाल हाती मिळेल. तो मला त्याच दिवशी फोनवर कळव.

तुझी,
आई