वाचकांचे प्रश्न : उत्तर इंग्लंडची राखरांगोळी

प्रश्न : हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यानंतरही विल्यम राजाने उत्तर इंग्लंड उजाड का केले?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : १०६६ च्या हेस्टिंग्जमधील विजयाने नॉर्मंडीच्या (आजच्या फ्रान्समधील प्रांत) विल्यमला इंग्लंडचा मुकुट मिळाला, उत्तरेची निष्ठा मात्र मिळाली नाही. जानेवारी १०६९ मध्ये त्याने नेमलेला अर्ल (प्रांताचा कारभारी सरदार) उत्तरेतील डरहॅम येथे सैनिकांसह मारला गेला आणि सप्टेंबरात डॅनिश आरमाराच्या मदतीने बंडखोरांनी उत्तरेतील यॉर्क शहर घेतले. विल्यमने डेन लोकांना पैसे देऊन बाजूला सारले आणि बंडखोर समोरासमोर लढेनात म्हणून १०६९-७० च्या हिवाळ्यात त्यांना पोसणारी गावेच जाळली, धान्य नष्ट केले, गुरे मारली. गुरे गेली म्हणजे नांगराचे बैल गेले, अर्थात पुढच्या वर्षाची पेरणीही गेली. मला या मोहिमेतील खरे क्रौर्य येथे दिसते.

इतिहासकार ऑर्डरिक व्हिटॅलिस याने मृतांची संख्या लाखावर सांगितली आहे. परंतु तो सुमारे अर्धशतकानंतर लिहीत होता, म्हणून तो आकडा शब्दशः घेऊ नये. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (विल्यमने करवून घेतलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदणीत) यॉर्कशरमधील कित्येक गावे ‘ओसाड’ म्हणून नोंदलेली आढळतात, जरी काही अभ्यासक त्याचा अर्थ केवळ ‘महसूल न मिळालेली’ असा लावतात.