वाचकांचे प्रश्न: सँडी ब्राउनचे गोल गेले कुठे?

प्रश्न: स्कॉटलंडचा सेंटर फॉरवर्ड सँडी ब्राउन याच्या इंग्लिश फुटबॉल लीगच्या नोंदीत प्रेस्टननंतर एकदम १९०३चे मिडल्सब्रो दिसते. मधली वर्षे तो खेळलाच नाही का?

उत्तर: खेळला, आणि त्याचा सर्वोत्तम खेळ त्याच वर्षांतला आहे. एअरशायरमधल्या ग्लेनबकचा हा खेळाडू १८९९ मध्ये पोर्ट्समथला, १९०० मध्ये टॉटनमला आणि १९०२ मध्ये पुन्हा पोर्ट्समथला गेला. हे दोन्ही क्लब तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगपेक्षा वेगळ्या, दक्षिण इंग्लंडच्या स्पर्धेत होते. फुटबॉल लीगचा तक्ता ते सामने मोजत नाही, चषकाचे गोलही त्यात धरत नाही. म्हणून १९०१च्या एफए चषकात (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) ब्राउनने प्रत्येक फेरीत गोल करून गाठलेली १५ची संख्या तिथे सापडायची नाही. शेफिल्ड युनायटेडविरुद्धचा अंतिम सामना २-२ सुटला, दोन्ही गोल त्याचे. बोल्टन या गावी झालेल्या फेरसामन्यात टॉटनम ३-१ जिंकले, त्यातही त्याचा एक.

त्याचा आणखी एक गोल असाच हरवला आहे. ५ एप्रिल १९०२ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंडकडून इंग्लंडविरुद्ध त्याने गोल केला, पण त्या दिवशी स्टँड कोसळून २५ माणसे दगावली आणि सामना अधिकृत यादीतून रद्द झाला. त्यामुळे त्याच्या नावावर अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना एकच, १९०४चा. या काळातला कोणताही खेळाडू तपासताना लीग, सदर्न लीग, चषक आणि देश असे चार रकाने वेगळे पाडा. एकाच बेरजेवर विसंबलात तर फसाल.

प्रश्न: लीगमधला क्लब सोडून खेळाडू सदर्न लीगमध्ये का जात?

उत्तर: नोंदणीमुळे. करार एका हंगामाचा असे. तो संपल्यावर क्लबने नाव राखून ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत टाकले, की लीगमधला दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नसे. आणि खेळाडूने नव्याने सही केली नाही तर पगारही बंद. सदर्न लीगवर ही अडवणूक चालत नसे. १९१० मध्ये दोन्ही लीगनी एकमेकांची नोंदणी मान्य केली आणि ती वाट बुजली. पगाराचे म्हणाल, तर १९०१ पासून इंग्लंडमध्ये आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा होती. ही कमाल आहे हे ध्यानात ठेवा. कित्येकांना त्याहून कमी मिळे. स्कॉटलंडमध्ये अशी मर्यादा नव्हती, म्हणून तिकडून दक्षिणेला आलेला प्रत्येक जण पगारासाठीच आला असे मानू नका.

प्रश्न: नोंदीतला ‘ज्युनिअर’ क्लब म्हणजे मुलांचा संघ का?

उत्तर: नाही. स्कॉटलंडमध्ये ज्युनिअर ही स्पर्धेची पायरी आहे, तिचा वयाशी संबंध नाही. सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबाचा जिमी मॅकमेनेमी १९०२ मध्ये रदरग्लेन ग्लेनकेर्न या ज्युनिअर क्लबातून आला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता.