तुमचे प्रश्न : स्कॉटलंडमधल्या मंडळीतला रविवार

मागच्या अंकात स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चवर आम्ही अर्ध्या पानाचं टिपण छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’च्या मंडळ्यांना (एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांना) धरून आहेत. 1843 मध्ये त्यातून फुटलेलं फ्री चर्च वेगळं, तिथले काही रिवाजही वेगळे.

प्रश्न : मुलगी अ‍ॅबर्डीनला शिकते. आम्ही मेमध्ये तिच्याकडे जातोय आणि तिच्या घरमालकीणबाईंनी रविवारी चर्चला बोलावलंय. आम्ही ख्रिस्ती नाही. काय घालावं, काय करावं, पैसे टाकावे लागतात का? (पुणे)

अवश्य जा. उपासना बहुतेक ठिकाणी सकाळी अकराला असते, पण आदल्या दिवशी वेळ पाहून ठेवा. हल्ली एकेका पाळकाकडे (उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूकडे) दोन-तीन चर्चेस असतात, त्यामुळे एकीकडे साडेनऊ तर दुसरीकडे अकरा, असं चालतं. पाटीवरची वेळ जुनी असू शकते. पावणेअकराला पोचलात की दारातच कोणीतरी हात मिळवून गीतांचं पुस्तक आणि त्या दिवसाचा कागद हातात देईल.

कपड्यांचं बंधन नाही. साडी चालेल, जीन्सही चालेल. वर जाड स्वेटर मात्र हवा, मे असला तरी. दगडी भिंती, उंच छत. हीटर तीन तास आधी लावला तरी गरम हवा वर जाऊन बसते आणि पाय गारच राहतात. कोट घालून बसलेली माणसं दिसतील, त्यात कोणी वावगं मानत नाही.

सुरुवात नीट बघा. अकराला मिनिटभर असताना बीडल, म्हणजे चर्चचा सेवक, जाडजूड बायबल दोन्ही हातांत धरून आत येतो, ते पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर ठेवतो, आणि त्याच्या मागून पाळक येतात. आधी वचन, मग ते सांगणारा माणूस, असा त्याचा अर्थ. काही मंडळ्यांत हे बंद झालंय, पण जिथे आहे तिथे लोक त्या वेळी उभे राहतात. पुढचा क्रम साधारण असा : आवाहनाची वचनं, गीत, स्तुतीची आणि पापकबुलीची प्रार्थना, मुलांसाठी चार गोष्टी (मग मुलं संडे स्कूलला जातात), जुन्या आणि नव्या करारातून वाचन, गीत, पंधरा-वीस मिनिटांचा उपदेश, दानार्पण, इतरांसाठी प्रार्थना, शेवटचं गीत आणि आशीर्वाद. सगळं मिळून तासभर. गाताना उभं राहायचं, प्रार्थनेला बसून मान खाली घालायची. (पूर्वी बरोबर उलटं होतं : गाताना बसत, प्रार्थनेला उभे राहत.)

दानाची थैली किंवा ताट पुढे आलं की शेजाऱ्याकडे सरकवलं तरी चालतं. सभासदांतलेही निम्मेअधिक काही टाकत नाहीत असं दिसेल. ते कंजूष नव्हेत. त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेतून परस्पर जातात. मुलांचे फोटो काढू नका. त्याबाबत तिथले नियम कडक आहेत.

प्रश्न : आम्ही मराठी मंडळीतले. ग्लासगोला मुलाकडे तीन महिने राहणार आहोत. तिथली गीतं, प्रार्थना जमतील का? प्रभुभोजन घेता येईल का? (कोल्हापूर)

प्रभूच्या प्रार्थनेत तर तुम्हाला घरीच आल्यासारखं वाटेल. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये ‘आमचे अपराध’ अशा अर्थाचा शब्द म्हणतात. स्कॉटिश माणूस ‘डेट्स’ म्हणतो, म्हणजे ऋणं. आपण ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणतो, अगदी तेच. दोन्ही पंथांची माणसं एकत्र आली की या ओळीला हमखास अडखळतात आणि अर्धी मंडळी पुढे निघून जाते.

गाण्याची मेख चालीत आहे. बायबलमधल्या स्तोत्रांचं जुनं स्कॉटिश छंदोबद्ध पुस्तक 1650 सालचं. त्यातली बरीच स्तोत्रं एकाच मापाची : आठ, सहा, आठ, सहा अक्षरं. आपल्याकडे मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार, तसंच हे. माप एक असलं की कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर बसतात. यासाठी त्यांनी एक पुस्तक काढलं, ज्याची पानं मधोमध आडवी कापलेली असतात : वरच्या अर्ध्या पानावर स्वरलेखन, खालच्या अर्ध्यावर शब्द. वरचा भाग पुढे उलटायचा, खालचा मागे, आणि हवी ती जोडी जुळवायची. जुन्या चर्चच्या गायकवृंदाच्या कपाटात अजून सापडतं. हातात घेऊन बघाच. म्हणूनच स्तोत्र 23 ओळखीचं असलं तरी चाल निराळी निघू शकते. सगळ्यांच्या ओठी असलेली चाल ‘क्रिमंड’, हे अ‍ॅबर्डीनशायरमधल्या एका गावाचं नाव. नेहमीचं गीतपुस्तक 2005 सालचं आहे. क्रमांक भिंतीवरच्या फळीवर लावलेले असतात किंवा पडद्यावर शब्द येतात. फ्री चर्चच्या काही मंडळ्यांत मात्र वाद्याशिवाय फक्त स्तोत्रंच गातात.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, तुम्हाला घेता येईल. पूर्वी ‘वडील’ (एल्डर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे सभासद) घरोघरी जाऊन तपास करत आणि पात्र माणसाला धातूचं टोकन देत. ते दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. पुढे टोकनाच्या जागी कार्ड आलं. आता बाहेरून आलेल्यांनाही खुलं आमंत्रण असतं. मात्र ते दर रविवारी नसतं. बऱ्याच मंडळ्यांत वर्षातून चारदा. 1560 मधल्या धर्मसुधारणेच्या (स्कॉटलंडने पोपची सत्ता झुगारली त्या) वेळीच शहरांसाठी ‘वर्षातून चार वेळा’ असं ठरलं होतं, तो पायंडा अजून टिकून आहे. तीन महिन्यांत एकदा तरी तुमच्या वाट्याला यायला हवं.

प्रश्न : आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे आली आहे. छोट्या पेल्यांची पद्धत स्कॉटलंडहून आली म्हणतात. सव्वाशे माणसांसाठी ते लोक कसं करतात? आमच्याकडे दर वेळी काहीतरी सांडतं किंवा कमी पडतं. (मुंबई)

आधी एक दुरुस्ती. छोटे पेले स्कॉटलंडचे नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुसंसर्गाच्या धास्तीने ते अमेरिकेत सुरू झाले आणि मग इकडे आले. त्याआधी सगळ्यांचा एकच मोठा प्याला असे. काही ठिकाणी तो अजून आहे.

आता हिशोब. पेला दोन-तृतीयांशच भरायचा, म्हणजे साधारण 10 मिलिलिटर. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 75 पेले बसतात. सव्वाशे माणसांना दोन बाटल्या लागतात आणि पंचवीसभर पेल्यांची शिल्लक उरते. ती असू द्या. बऱ्याच मंडळ्या मद्याऐवजी द्राक्षाचा रसच वापरतात. दारूबंदीच्या चळवळीच्या काळात हे रुळलं. एका गोल ताटात चाळीसच्या आसपास पेले बसतात, म्हणजे तुम्हाला चार ताटं लागतील. तीन ताटांत 120 बसतात, आणि ‘पाचच तर कमी आहेत’ म्हणून चौथं काढलं नाही की नेमकं गॅलरीत कमी पडतं. ताटं माणसांच्या आकड्यावर लावू नका, बाकांच्या रांगांवर लावा. प्रत्येक वाटणाऱ्या वडिलाच्या रांगा आधीच कागदावर लिहून द्या आणि गॅलरीसाठी एक ताट वेगळं ठेवा.

सांडतं ते पेले काठोकाठ भरल्यामुळे. ताट हातोहात बाकावरून सरकताना तिरकं होणारच. दुसरं कारण ओतण्याच्या भांड्यातच आहे. चहाच्या किटलीच्या तोंडाने ओतलंत तर थेंब पेल्याच्या बाहेरून ओघळतो आणि पेला उचलताना पांढऱ्या कापडावर डाग पडतो. अरुंद नळीची पिळायची बाटली घ्या. भरून झाल्यावर ताटाच्या तळाला कोरडं फडकं फिरवा. आदल्या रात्री भरून ठेवू नका; रसावर चिलटं येतात. उपासनेआधी तासभर पुरे, वर झाकण किंवा कापड.

भाकरीसाठी साधा पांढरा पाव घ्या. कडा काढून सेंटिमीटरभराचे चौकोनी तुकडे करा. हे सकाळीच करा. रात्री कापलेले तुकडे कडक होतात आणि अशा शांततेत चावल्याचा आवाज साऱ्या चर्चभर ऐकू येतो. ताजा, गरम पाव कापू नका, त्याचा चुरा होतो. आदल्या दिवशीचा पाव बरा. मोडून दाखवायला एक अख्खा लहान पाव वेगळा. तोही खालून सुरीने थोडा चिरून ठेवा, नाहीतर पाळकांची सगळ्यांदेखत झटापट होते. गहू न चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटीत वेगळी भाकर ठेवा, आणि ती कापायला सुरीही वेगळी.

वाटताना आधी भाकर, मग पेले. वडील रांगेच्या टोकाला उभे राहतात आणि ताट माणसाकडून माणसाकडे जातं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाढायचं, यात या पद्धतीचं सगळं मर्म आहे. म्हणून वडिलांनी वाकून प्रत्येकाला स्वतः देण्याची घाई करू नये. वडिलांना शेवटी, आणि पाळकांनी कधी घ्यायचं हे आधी ठरवून ठेवा. पेले हाताने, गरम पाण्यात धुवा. द्राक्षाचा रस वाळला की तळाशी चिकटून बसतो.

प्रश्न : नातवाचा बाप्तिस्मा एडिनबराला, घरच्या घरी शनिवारी उरकता येईल का? (सांगली)

आजारपणासारखं कारण नसेल तर नाही. बाप्तिस्मा रविवारच्या उपासनेत, मंडळीसमोर. वचन फक्त आईबाप देत नाहीत, या मुलाला वाढवायला हातभार लावू असं मंडळीही उभं राहून कबूल करते. मंडळीच नसेल तर ते वचन कोण देणार? धर्मपिते-धर्ममाता लागत नाहीत. तिकिटं काढण्याआधी पाळकांना भेटा.

प्रश्न : बिशप नाही, मग मंडळी चालवतं कोण? पाळक कोण नेमतं? (नागपूर)

वडील. सभासदांतल्याच स्त्री-पुरुषांना वडील म्हणून दीक्षा देतात (स्त्रियांना 1966 पासून). त्यांच्या सभेला ‘कर्क सेशन’ म्हणतात. पाळक सहसा तिचे अध्यक्ष असतात, मालक नव्हेत. सगळी कागदपत्रं सेशन क्लार्ककडे, म्हणजे या सभेच्या चिटणिसाकडे. रूढ पद्धतीत प्रत्येक वडिलाकडे दहा-पंधरा घरांचा एक भाग असतो. आजारपण, बाळंतपण, मयत कळवायचं ते आधी त्याला. वडील कमी होत चालल्याने आता हे सगळीकडे जमत नाही, आणि ते बंद पडलं की पहिल्यांदा एकटी राहणारी म्हातारी माणसं नजरेआड होतात. मंडळ्यांच्या वर प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या पाळकांची आणि वडिलांची सभा. तिच्यावर एडिनबराला दरवर्षी मेमध्ये भरणारी जनरल असेंब्ली. तिचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, वर्षभरापुरता.

पाळक निवडते मंडळी. जागा रिकामी झाली की प्रेस्बिटरी हंगामी अध्यक्ष देते. सभासद निवड समिती नेमतात. ती अर्ज पाहते, उमेदवारांचे उपदेश ऐकते आणि शेवटी एकच नाव पुढे करते. तो माणूस एका रविवारी उपासना चालवतो आणि लगेच गुप्त मतदान होतं. इथे चूक होते ती समितीकडून : जुन्या पाळकांची प्रतिकृती शोधत बसतात आणि वर्ष-दीड वर्ष निघून जातं.

हा हक्क फुकट मिळालेला नाही. जमीनदाराने मंडळीवर पाळक लादायचा की नाही, यावरून 18 मे 1843 ला बरेच जण असेंब्लीतून बाहेर पडले, सगळे मिळून साडेचारशेहून अधिक पाळकांनी घरदार आणि पगार सोडला, आणि फ्री चर्च उभं राहिलं. मुंबईचे जॉन विल्सन त्यांच्याबरोबर गेले. तुमच्या नागपूरचे स्टीफन हिस्लॉप त्याच फ्री चर्चचे मिशनरी आणि बाबा पदमनजी त्याच चर्चचे पाळक. जमीनदारांचा तो हक्क 1874 मध्ये रद्द झाला, आणि 1929 मध्ये दोन्हीकडची बहुतेक मंडळी पुन्हा एक झाली.

प्रश्न : पाळकाचा पगार श्रीमंत मंडळीत जास्त असतो का? (ठाणे)

नाही. मंडळ्या आपापल्या उत्पन्नानुसार मध्यवर्ती निधीत भर घालतात आणि पगार तिथून, सेवेच्या वर्षांप्रमाणे, एका ठरलेल्या श्रेणीने मिळतो. दात्याने कर भरला असेल आणि तसा फॉर्म दिला असेल तर प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स चर्चला परत मिळतात. फॉर्म नसलेलं पाकीट म्हणजे तेवढं नुकसान. पैसे मोजायला नेहमी दोघं, आणि ते एका घरातले नकोत.

प्रश्न : उपासनेनंतरच्या चहात मदत करशील का, असं माझ्या सुनेला विचारलंय. काय करावं लागतं? (नाशिक)

हो म्हणायला सांगा. माणसांची खरी ओळख तिथेच होते. विधवा, विद्यार्थी, नव्याने आलेलं कुटुंब, सगळी त्या हॉलमध्ये सापडतात. पाण्याचा मोठा बंब उपासनेआधीच, सव्वादहाला चालू करायचा. वीस लिटर गार पाणी उकळायला पाऊण तास सहज लागतो. शेवटच्या गीताला बटण दाबलं तर लोक कोट घालून घरी जातात. दोन बंब असतील तर ते एका एक्स्टेंशनवर लावायचे नाहीत. फ्यूज उडतो, आणि कधीकधी त्याच लाइनवर ऑर्गनही असतो. दूध चहात आधीच घालू नये, जग वेगळा ठेवावा. बिस्किटं दोन ताटांत विभागून ठेवावीत, त्यातलं एक दाराजवळ, म्हणजे एकटा आलेला माणूस तिथे घुटमळतो आणि त्याच्याशी बोलता येतं. आणि कपबशा धुवायला जी बाई वर्षानुवर्षं उभी असते, तिची जागा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तिच्या शेजारी उभं राहून पुसायचं फडकं उचलायचं.