करार मुख्य कार्यालयाचा, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आमच्या कंपनीचे कारखाने चाकण, नाशिक आणि बुटीबोरी येथे आहेत. आजवर प्रत्येक ठिकाणचा मनुष्यबळ व्यवस्थापक तिथल्या कामगार संघटनेशी वेतन करार करत आला. यापुढे सर्व वाटाघाटी मुंबईचे मुख्य कार्यालय करणार आहे. मग आम्हा स्थानिक व्यवस्थापकांकडे काय उरते? – एक वाचक, चाकण

उत्तर : बरेच उरते, पण ते आपण आजच मागून घ्यायला हवे.

वाटाघाटी एकवटण्यामागचे कारण रास्त आहे. चाकणला रात्रपाळीचा भत्ता वाढवला, की पुढच्या मागणीपत्रात तोच आकडा नाशिकची संघटना मांडते आणि एका कारखान्याने घाईत दिलेली सवलत सर्वांसाठी पायंडा ठरते. बँकांमध्ये म्हणूनच 1966 पासून भारतीय बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात द्विपक्षीय करार होतात. मार्च 2024 मध्ये झालेला बारावा करार अनेक बँकांना एकाच वेळी लागू झाला. मात्र रजा, शिस्तभंगाची कारवाई आणि रोजच्या तक्रारी ज्या त्या बँकेलाच हाताळाव्या लागतात.

या व्यवस्थेचा धोका कोणता, हे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, 1946 अन्वये साऱ्या गिरणी उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि मालकांच्या वतीने गिरणी मालक संघ बोलत असे. कागदावर ही रचना चोख होती. पण ज्या कामगारांचा त्या संघटनेवर विश्वास उरला नव्हता, त्यांना आपले म्हणणे मांडायला अधिकृत वाटच नव्हती, आणि त्याच काळात इंजिनिअरिंग व रासायनिक कारखान्यांतले स्वतंत्र करार अधिक पगार देत असल्याचे ते पाहत होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हा कायदा रद्द करण्याचीही मागणी त्यांनी केली होती. संपाची कारणे अनेक होती, तरी खालचा असंतोष वर पोहोचवणारी यंत्रणा नसणे हे मला त्यांतले मोठे कारण वाटते.

म्हणून मुख्य कार्यालयाचा निर्णय फक्त सूचनाफलकावर लावणारा अधिकारी होऊन राहू नका. मागणीपत्र येण्याआधीच आपल्या कारखान्यातील हजेरी, ओव्हरटाइम, कंत्राटी कामगारांचे प्रमाण आणि आसपासच्या कारखान्यांतले वेतन यांचे टिपण मुंबईला पाठवा, आणि वाटाघाटींच्या बैठकीत स्थानिक व्यवस्थापकाला जागा असावी असा आग्रह धरा. मूळ वेतन, बोनस आणि कराराची मुदत मुंबईने ठरवावी. पाळ्यांची वेळ, बसचे मार्ग, कँटीन, सुरक्षा साधने आणि किरकोळ शिस्तीचे प्रश्न यांवरचा अंतिम निर्णय मात्र कारखान्यातच व्हावा. ही विभागणी लेखी हवी. प्रत्येक छोट्या गोष्टीसाठी "मुंबईला विचारून सांगतो" म्हणणाऱ्या व्यवस्थापकाशी बोलण्यात अर्थ नाही, हे संघटनेचे पदाधिकारी फार लवकर ओळखतात, आणि पुढच्या वेळी ते थेट मुंबई गाठतात.

तक्रार निवारण समिती तर आपल्याच कारखान्यात चालायची आहे. औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती आवश्यक असून तीत मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असतात, आणि तक्रारीवरील कार्यवाही तीस दिवसांत पूर्ण व्हावी लागते. या समितीच्या बैठकांची नोंदवही नीट ठेवा आणि एकाच विभागातून वारंवार येणाऱ्या तक्रारी दर तिमाहीला मुख्य कार्यालयाला कळवा, म्हणजे पुढील कराराच्या मसुद्यात त्यांची दखल घेता येईल.