पानांवर चालणारा पक्षी कुठला?

प्रश्न: डिसेंबरात भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला कयाक चालवली. एक तपकिरी-पांढरा पक्षी चक्क तरंगत्या पानांवरून चालत होता, तो कुठला? वल्ह्यात सारखं हिरवं दोरीसारखं काहीतरी अडकत होतं. आणि जांभळ्या फुलांची झाडं तरंगत होती, त्यातलं एक घरच्या टाकीत लावू असं बायको म्हणतेय, चालेल का? (एक वाचक, बारामती)

उत्तर: आधी वहिनींचं सांगतो, नको! ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे नद्या-तलावांची वाट लावलीये तिने. देठ मधेच फुगलेला असतो ना, तो कापून बघा, आत नुसत्या हवेच्या पोकळ्या, म्हणून ती तरंगते. वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, दिसायला सुंदरच, पण बाजूने फुटवे काढत पसरत जाते, खाली उजेड पोचत नाही आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, त्यावर तर ती मस्त पोसते.

वल्ह्यातली बहुतेक हायड्रिला, म्हणजे पाण्याखाली वाढणारी एक पाणवनस्पती. बोटांवरून ओढून बघा, पानांच्या कडेला बारीक दाते असतात म्हणून खरखरीत लागते आणि एकेका पेराला चार-पाच किंवा जास्त पानं गोल लागलेली असतात. ही आपल्याकडचीच, वारकरी पक्षी (काळा, कपाळ पांढरं) आवडीने खातात. पण एक पेर असलेला तुकडाही नव्या पाण्यात रुजतो, अमेरिकेत ही अक्वेरियमच्या धंद्यातून गेली आणि आता तिथे डोकेदुखी झालीये. म्हणून दुसऱ्या तलावावर जायच्या आधी कयाक आणि वल्हं नीट झाडून, वाळवूनच न्या, हा कंटाळा लोक हमखास करतात.

पक्षी म्हणजे कमळपक्षी, छातीवर काळी पट्टी होती का आठवा. बोटं इतकी लांब की वजन पानभर पसरतं. पावसाळ्यात या, तेव्हा लांब काळी शेपटी आणि मानेमागे सोनेरी पट्टा असतो, ओळखूच येणार नाही तुम्हाला. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे, मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते (वहिनींना हे जरूर सांगा).

रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगो) थव्यात मात्र कयाक घालू नका, फोटोसाठी उडवलं की त्यांचं खाणं थांबतं. आणि थर्माकोल किंवा बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळी असते, लांबून वळा.