बुरशीतलं द्रव्य कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडतं, हे खरं आहे का?

ताई, तुम्ही विचारलंय की वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे, आणि पाहुण्यांनी मशरूम पावडरचा डबा आणून दिलाय, 'ही बुरशी गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करते' असं सांगून. द्यावा का?

माझं नाशिकला गोळे कॉलनीत औषधांचं होलसेल दुकान आहे. डॉक्टर नाही, फार्मसी शिकलोय. असला डबा घेऊन अधूनमधून कुणीतरी येतंच, म्हणून याबद्दल बरंच वाचलं. डबा देऊ नका. पण पाहुणे अगदीच हवेत बोलत नव्हते.

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. मग ती रासायनिक इशारे सोडून जवळच्या रक्तवाहिनीला फांद्या फोडायला लावते. शेजाऱ्याच्या ठिबकवर गुपचूप टी मारून आपली ओळ भिजवावी, तसला प्रकार. ही नळीच बंद केली तर गाठ उपाशी राहील, हे बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

बुरशी यात शिरली ती चुकून. 1985 च्या सुमारास फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड इंगबर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवत होते. एका बशीत बुरशी पडली. अशी बशी फेकायची असते. आम्ही कॉलेजात न बघताच फेकायचो. इंगबर यांनी बघितली. बुरशीजवळच्या पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या गोल झाल्या होत्या, म्हणजे त्यांची वाढ थांबली होती. बुरशी होती ॲस्परजिलस फ्युमिगेटस, आणि तिच्यातलं द्रव्य फ्युमॅजिलिन. गंमत म्हणजे ते नवीन नव्हतंच, मधमाश्यांच्या नोझिमा रोगावर ते 1950 च्या दशकापासून वापरात होतं!

उंदरांमध्ये गाठी वाढायच्या थांबल्या, पण उंदीर वाळायला लागले. म्हणून जपानच्या ताकेदा कंपनीबरोबर त्याचं सुधारित रूप बनवलं, टीएनपी-470. 1990 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं, 1992 पासून माणसांवर चाचण्या झाल्या. चक्कर, तोल जाणं, विसरायला होणं असले त्रास निघाले आणि कॅन्सरचं औषध म्हणून ते दुकानात कधी आलंच नाही. वजन उतरतं म्हणून याच घराण्यातलं बेलोरानिब लठ्ठपणावर आजमावलं. रुग्णांना रक्ताच्या गुठळ्या झाल्या, मृत्यू झाले, आणि 2016 मध्ये तेही थांबलं. शुद्ध करून, मोजून दिलेल्या द्रव्याची ही कथा. डब्यावर तर प्रमाणही नसतं, आणि मशरूम म्हणजे ही बुरशी नव्हेच.

फोकमन यांची कल्पना मात्र टिकली. बेव्हॅसिझुमॅब हे इंजेक्शन त्याच वाटेनं आलं. ते बुरशीतून येत नाही, गाठीच्या त्या इशाऱ्यालाच पकडणारी ती अँटीबॉडी, म्हणजे नेमक्या एकाच गोष्टीला चिकटणारं प्रथिन, आहे. 2004 मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच. भारतीय कंपन्याही ते बनवतात. वडिलांना ते लागू आहे का, हे ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, सरळ विचारा. ऑपरेशन झालं असेल तर तारीख सांगा, कारण जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. म्हणून ऑपरेशननंतर हे इंजेक्शन द्यायच्या आधी निदान 28 दिवस जाऊ देतात. डबा आधीच सुरू केला असेल तर तेही लपवू नका, ते रागावले तरी.

अजून एक. तुम्ही लासलगावकडच्या, म्हणजे घरी कांद्याची चाळ असणार. सडक्या कांद्यावरची काळी भुकटी ही याच ॲस्परजिलसची भावकी, आणि फ्युमिगेटस स्वतः शेणखतात, कुजणाऱ्या पाल्यात मजेत वाढते. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या की ही बुरशी श्वासावाटे जाऊन फुप्फुसात घर करू शकते. तेव्हा केमो संपेपर्यंत कांदा निवडायला वडिलांना बसवू नका, ते कितीही म्हणाले की घरात बसून कंटाळा येतो.